आमसुली स्वेटरचं कोपर

परदेशी आलेल्या पाहुण्याला काय काय दाखवायचं, हे यजमानाच्या मनात आधीच ठरलेलं असतं. मुलाने आईला नदीवरचा पूल दाखवला, मोठी बाग दाखवली, उंच इमारतीवर नेऊन सगळं शहर एका नजरेत दाखवलं. आई प्रत्येक ठिकाणी "छान आहे हो," म्हणाली आणि गुडघा चोळत बाकावर बसली. पण परतताना बसच्या खिडकीतून तिला एक दुकान दिसलं. दाराला, भिंतींना, छताला, जिकडे बघावं तिकडे नुसते ब्रश टांगलेले. बूट पुसायचे, बाटल्या धुवायचे, कोळिष्टकं काढायचे, बोटाएवढे आणि माणसाएवढे. आई सीटवरून अर्धी उठलीच.

"अरे थांबव, थांबव! नुसते ब्रश! एवढ्यावर चालतं याचं?"

"आई, ही रिक्षा नाही," मुलगा म्हणाला.

दुसऱ्या दिवसापासून या आईने, म्हणजे घरातल्या आजीने, आपलं बघायचं आपणच ठरवलं. मुलगा आणि सून सकाळी कामावर जात. नातीला शाळेची सुट्टी होती. नात आठ वर्षांची. बोलायला लागली की जागच्या जागी गिरक्या घ्यायची, म्हणून शिवणयंत्रातल्या फिरत्या रिळावरून आजीने तिचं नाव बॉबिन ठेवलं होतं. शाळेमुळे बॉबिनला इथली भाषा येत होती, पण अनोळखी माणूस समोर आला की तिची जीभ टाळूला चिकटायची. आजीला भाषेतलं अवाक्षर कळत नव्हतं, पण गप्प बसणं तिला त्याहूनही जमत नव्हतं. अशी ही जोडी रोज सकाळी पिशवी घेऊन बाहेर पडे आणि दुकानं बघत फिरे.

दुकान हा आजीचा प्राणच होता. आपल्या गावी तिने उभा जन्म मॅचिंग सेंटर चालवलं होतं. ब्लाउजपीस, अस्तर, फॉल, रिळं, लेस, बटणं. गुडघे कुरकुरू लागले तेव्हा तिने दुकान पुतणीच्या हाती सोपवलं, पण डोळे काही सोपवले नाहीत. कुठल्याही दुकानासमोर उभी राहिली की ती आधी पाटी बघत नसे. गिऱ्हाईक कुठे उभं राहतं, माल हाताशी काय आहे आणि लांब काय आहे, दुकानदार बसतो की उभा असतो, हे बघे. मग बॉबिनला विचारी, "सांग बघू, हा असं का करत असेल?"

एका टपरीवजा दुकानात एकच माणूस चाव्याही बनवायचा आणि बुटांच्या टाचाही बसवायचा. बॉबिन म्हणाली, त्याला दोन्ही येत असेल म्हणून. आजी म्हणाली, "येत असेल गं, पण मग तो छत्र्या का नाही दुरुस्त करत? नीट बघ." दोघी समोरच्या भिंतीला टेकून बघत राहिल्या. बऱ्याच वेळाने बॉबिनने गिरकी घेतली. "चाक! आजी, त्याचं ते फिरणारं चाक! चावीपण त्यावर घासतो आणि टाचपण!" आजीला इतका आनंद झाला, की तिने त्या माणसाला काचेतूनच हात केला. त्यानेही गोंधळून केला.

आठवड्याच्या बाजाराला एक अख्खा रस्ता गाड्यांना बंद होई. खांब उभे राहत, ताडपत्र्या ताणल्या जात. एकीकडे भाज्या, एकीकडे जुन्या कपबश्या, वापरलेले नळ, एकेकटे पडलेले चमचे. भाजीला मात्र हात लावायचा नाही. आपण बोट दाखवायचं आणि भाजीवाल्याने उचलून द्यायचं. आजीला हे काही केल्या पचेना.

"म्हणजे मुलगी बघायला जायचं आणि तिच्याशी बोलायचं नाही, तसंच झालं!"

"आजी, हळू बोल ना. सगळे बघतायत."

"बघू देत. त्यांना कुठे कळतंय?"

"मला कळतंय ना!" बॉबिन कळवळून म्हणाली.

घरात मात्र आजीला असं मोकळं बोलता येत नव्हतं. सून वाईट नव्हती. उलट फार चांगली होती. चहाचा कप ठेवतानासुद्धा "घ्या हं," म्हणायची, पाहुण्याला म्हणावं तसं. आपल्या आईला ती नुसतं "आई" म्हणे आणि सासूला "अहो आई". त्या 'अहो'च्या पलीकडे आजीला इतक्या वर्षांत पाऊल टाकता आलं नव्हतं. दोघींत भांडण नव्हतं. भांडण तरी असतं तर बरं, असं आजीला कधीकधी वाटे. भांडणात निदान दोन माणसं समोरासमोर येतात. गेल्या वर्षी सुनेची आई वारली. सून विमानाने पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. तेव्हापासून ती अधिकच शांत झाली होती. आजीने एकदा तिच्या पाठीवर हात ठेवला, तर ती म्हणाली, "मी ठीक आहे, अहो आई. तुमच्यासाठी भाकरी टाकू ना?"

एका दुपारी वाळलेले कपडे सुनेच्या कपाटात ठेवताना आजीच्या हाताला खालच्या कप्प्यातली एक कापडी पिशवी लागली. आत एक स्वेटर होता. बाईमाणसाचा, पुढून बटणांचा, हाताने विणलेला, आमसुली. सुनेच्या आईचा. व्हिडिओ कॉलवर विहीणबाईंच्या अंगावर आजीने तो पाहिलेला होता. उजव्या कोपराला रुपयाएवढं भोक पडलं होतं आणि भोकाच्या कडेला सुटे टाके आ वासून बसले होते.

आजी तिथेच पलंगावर बसली. आता विणकामातली एक गोष्ट सांगायला हवी. शिवलेलं कापड फाटलं तर फाटलं तेवढंच राहतं. विणलेल्या वस्तूचं तसं नसतं. तिथे प्रत्येक टाका खालच्या टाक्याच्या गळ्यात अडकलेला असतो. एक सुटला की त्याने धरलेला दुसरा मोकळा होतो, मग तिसरा. आजीला वाटलं, पोरीला एवढं कुठून माहीत असणार? तिने आपलं जपून ठेवलंय आणि पिशवीतल्या पिशवीत ते उसवत चाललंय. याच रंगाची लोकर मिळाली तर कोपर असं विणून देता येईल की शोधूनही सापडणार नाही. परतीच्या तिकिटाची तारीख जवळ आली होती. जाण्याआधी या मुलीसाठी एक गोष्ट आपल्या हातून व्हावी, पाहुण्याने करावी तशी नव्हे, घरच्या माणसाने करावी तशी. बस, एवढंच तिला हवं होतं.

"आईला विचारलंस?" बाजाराच्या दिवशी आजीच्या पिशवीत स्वेटर बघून बॉबिनने विचारलं.

"विचारलं तर सरप्राइज कसलं?"

"आईला सरप्राइज आवडत नाही."

"हे आवडेल," आजी म्हणाली आणि चपला शोधू लागली.

लोकर शोधणं सोपं नव्हतं. पहिल्या दुकानात नुसती बटणं होती. उभ्या काचेच्या नळ्यांमधून रंगारंगाने भरलेली. आजी तिथे इतकी रमली, की आपण कशाला आलो ते बॉबिनला आठवण करून द्यावी लागली. दुसरं दुकान मोठं, चकचकीत. तिथे लोकर होती, पण प्रत्येक गुंडा प्लॅस्टिकमध्ये बंद आणि दुकानात मदतीला कोणी नाही. "हात न लावता लोकर घ्यायची म्हणजे..." आजीने वाक्य अर्धंच सोडलं, नाक मुरडल्यावर उरलेलं सांगायची गरज नव्हती. बाजारात एका बाईपाशी विणलेल्या टोप्या होत्या. आजीने टोपीवर बोट ठेवून, हवेत दोन सुया चालवून, भुवया वर केल्या. टोपीवाली हसली आणि तिने बाजाराच्या कडेच्या एका गल्लीकडे हात दाखवला. "बघ," आजी बॉबिनला म्हणाली, "हाताचं व्याकरण सगळीकडे एकच."

गल्लीतलं ते दुकान एका खिडकीएवढं रुंद आणि बोगद्यासारखं लांब होतं. दोन्ही भिंतींना जमिनीपासून छतापर्यंत लाकडी खण, आणि खणाखणात लोकर. शेवटी एका उंच स्टुलावर दुकानाची मालकीण बसली होती. केस पांढरे, चष्मा साखळीला टांगलेला, हातात चालू विणकाम. आजीला बघून तिने मान हलवली, पण सुया थांबवल्या नाहीत. आजीला ती बाई तिथल्या तिथे आवडली.

आजीने स्वेटर काढून कोपर दाखवलं. लोकरवालीने चष्मा डोळ्यांवर चढवला, भोकाकडे बघून जिभेने च्च् केलं आणि स्टुलावरून उतरली. आमसुली रंग मोठा बेरकी असतो. जांभळा म्हणावं तर तपकिरी, तपकिरी म्हणावं तर काळपट. तिने एक गुंडा काढला. आजीने मान हलवली. दुसरा, नाही. तिसरा तिने स्वेटरवर ठेवला, आणि दोघींनी एकदमच "हं" केलं. डोक्यावरच्या पांढऱ्या ट्यूबलाइटमध्ये लोकर स्वेटरमध्ये मिसळूनच गेली.

आणि इथे आजीने एक चूक केली.

मॅचिंगच्या दुकानात जन्म काढलेल्या बाईची एक सवय असते. दिव्याखाली जुळलेल्या रंगावर ती विश्वास ठेवत नाही. साडी आणि ब्लाउजपीस दोन्ही उचलायचे, दुकानाची पायरी उतरायची आणि रस्त्यावरच्या उजेडात जाऊन बघायचं. गावी हे दिवसातून पन्नासदा चाले. गिऱ्हाइकंसुद्धा न विचारता बाहेर जात. आजीच्या डोक्याला काही विचारण्याआधीच तिचे पाय वळले. एका हातात स्वेटर, दुसऱ्या हातात लोकर, आणि ती लांबलचक दुकानातून तरातरा चालत सरळ दाराबाहेर पडली. बाहेर गल्लीत सावली होती, म्हणून कोपऱ्यापर्यंत गेली. तिथे ऊन होतं.

मागे आरडाओरडा झाला, तेव्हा कोणीतरी कुठे भांडतंय असं तिला वाटलं. तोवर लोकरवाली धावत येऊन पोचलीसुद्धा होती. तिने लोकर पकडायला हात घातला, आजीने स्वेटर सांभाळायला ओढला, लोकरवालीच्या बोटातली अंगठी कोपराच्या सुट्या टाक्यात अडकली, आणि एक बारीकसा आवाज आला. र्रर्र. भोकापासून मनगटाच्या दिशेने बोटभर लांब रेघ उसवत गेली. तिच्यात आडवे धागे, शिडीच्या पायऱ्यांसारखे.

आजीने उसवलेल्या रेघेवर तळहात दाबून धरला.

चार माणसं जमली. बाजारावर देखरेख करणारा गणवेशातला एक माणूस आला आणि हातांनीच 'काय झालं?' म्हणाला. लोकरवाली भराभर सांगू लागली. तिचं एक बोट लोकरीकडे, एक बोट दुकानाकडे, आणि मग सगळ्यांच्या नजरा आजीकडे. आजीने आयुष्यात पहिल्यांदाच तोंड उघडलं आणि त्यातून काहीच आलं नाही. उन्हाकडे बोट दाखवावं तर वेडी ठरायची.

मग तिने खाली पाहिलं. बॉबिन तिच्या पदराला धरून उभी होती. तिचे कान लाल झाले होते, ओठ हलत होते, पण आवाज फुटत नव्हता. आजीला वाटलं, तिला हलवून म्हणावं, अगं बोल की पटकन! पण मूल शब्द शोधत असलं की त्याला घाई करायची नसते. घाई केली की सापडलेला शब्दसुद्धा निसटतो. आजीने फक्त तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि उभी राहिली. गणवेशवाला पुन्हा काहीतरी म्हणाला. आजी उभीच राहिली.

"माझी आजी चोर नाही," बॉबिन इथल्या भाषेत म्हणाली. आधी अगदी हळू, मग सगळ्यांना ऐकू जाईल असं. "तिचं पण दुकान आहे. खूप दूर आहे. ती रंग बघायला आली. तुमच्या दुकानात दिवा आहे ना, दिवा खोटं सांगतो. इथे खरं दिसतं. बघा!"

तिने आजीच्या हातातली लोकर स्वेटरवर ठेवली. सगळे वाकले. आत एकजीव झालेले ते दोन रंग उन्हात चक्क दोन परकी माणसं झाली होती. लोकर वांग्यासारखी जांभळी दिसत होती आणि स्वेटर तिच्यापुढे फिका, मातकट.

लोकरवालीने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. गुंडा वर धरला, खाली धरला. मग गणवेशवाल्याला तिने हाताने असं काही उडवून लावलं, की जणू तोच मघापासून मध्ये लुडबुड करत होता. लोक पांगले. ती दुकानात गेली आणि आमसुलीच्या आसपासच्या रंगांचा अख्खा खणच उचलून बाहेर घेऊन आली.

"काय म्हणाली ती जाताना?" आजीने विचारलं.

"म्हणाली, मी इतकी वर्षं आत बसून काय विकत होते कोण जाणे."

दोघी म्हाताऱ्या पायरीवर बसल्या आणि बॉबिन मध्ये. आता कोणाला दुभाषी लागत नव्हता, तरी बॉबिनची टकळी थांबेना. गुंडे एकेक करून कोपराला लागत होते, बाजूला पडत होते. शेवटी एक फिका रंग जुळला, उन्हातसुद्धा. आजीचा जीव भांड्यात पडतोय तोच लोकरवालीने बाही उलटी केली. आतल्या बाजूला, शिवणीच्या दुमडीत, जिथे कधी ऊन पोचलंच नव्हतं, तिथे रंग होता पिकल्या जांभळासारखा गडद. तिने दुसरा गुंडा त्याला लावला. तोही जुळला.

मग तिने दोन्ही हातांवर दोन गुंडे ठेवले आणि आजीकडे बघून भुवया वर केल्या. कुठला? विणला तेव्हाचा, की विटला तेव्हाचा?

आजी म्हणाली, "हे मी कसं सांगणार?"

आणि हे शब्द तोंडून निघाले मात्र, तिला तिचंच दुकान आठवलं. कधीकधी एखादा नवरा बायकोची साडी घेऊन येई. 'तुम्हीच लावा मॅचिंग, तुम्हाला कळतं.' आजी त्याला हात जोडून परत पाठवी. 'तिला घेऊन या. साडी तिची, ब्लाउज तिचा, मी कोण ठरवणार?' दुसऱ्याच्या वतीने मॅचिंग करायचं नाही, हा तिच्या दुकानाचा नियम होता. आणि आज ती स्वतःच दुसरीची वस्तू, तिच्या कपाटातून, तिला न विचारता, घेऊन आली होती. ती वस्तू तिने आणखी उसवूनही ठेवली होती.

लोकरवालीने खुणेने सांगितलं: आत चला, माझ्याकडे सुया आहेत, जेवायच्या वेळेपर्यंत आपण दोघी हे कोपर नवंकोरं करून टाकू. ती भलेपणानेच म्हणत होती. आणि आजीला माहीत होतं, खरंच तसं होईल. फिका रंग घेऊन विणलं तर भोकही जाईल, आजची रेघही जाईल.

"आई खूप चिडेल," बॉबिन रेघेवरून बोट फिरवत म्हणाली.

"तिला कळणारच नाही," आजी म्हणून गेली.

बॉबिनने मान वर करून तिच्याकडे पाहिलं. रागाने नाही, नुसतं, आजी हे असं म्हणते हे नवीनच कळल्यासारखं. आजीला ती नजर सोसवेना.

"नाही, नाही," ती घाईघाईने म्हणाली. "कळेल. मीच सांगणार आहे. चल, ऊठ."

लोकरवालीने दोन्ही गुंड्यांचा हातभर धागा तोडून आजीला दिला, आणि शिडी पुढे सरकू नये म्हणून तिच्या टोकाला एक सेफ्टी पिन लावून दिली. निघताना तिने आजीचा हात हातात घेऊन आपल्या अंगठीवर टेकवला आणि चेहरा पाडला. हे सांगायलासुद्धा भाषा लागली नाही.

संध्याकाळी सून कामावरून आली. मुलाला यायला वेळ होता. आजीने तिला पर्स ठेवू दिली, पाणी पिऊ दिलं, आणि मग स्वेटर तिच्यासमोर टेबलावर ठेवला. सगळं सांगितलं. कपाट, पिशवी, बाजार, ऊन, अंगठी. काही वगळलं नाही आणि काही सजवलंही नाही.

सून ऐकत असताना उभीच होती. मग तिने स्वेटर उचलला आणि बोटभर रेघ बघितली.

"अहो आई, तुम्ही माझ्या कपाटातून हा काढलात कशाला?"

"नीट करून द्यायचा होता गं."

"मी म्हटलं होतं नीट करा?" तिचा आवाज चढला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच चढला. "सगळ्यांना सगळं नीटच करायचं असतं! घरातली आईची भांडी मावशीने वाटून टाकली, खोली रंगवून घेतली, मी पोचायच्या आत सगळं कसं छान आवरून ठेवलं होतं! ही एकच गोष्ट होती, जिला कोणी हात लावला नव्हता!"

बॉबिन दाराआड गेली. आजीला वाटलं, सून खरं तेच बोलतेय.

सून खुर्चीवर बसली. तिने भोकाच्या कडेवरून बोट फिरवलं. मग खालच्या आवाजात, सासूकडे न बघता, बोलू लागली.

"आई फोन बरणीला टेकवून ठेवायची. टेबलावर. आणि समोर अशी बसायची, उजवं कोपर टेबलावर, हनुवटी हातात. मी इथे स्वयंपाक करायचे, ती तिथून बघायची. कधीकधी आम्ही काहीच बोलायचो नाही. तिच्या टेबलाची कड जरा खरखरीत होती. मी म्हणायचे, अगं, खाली काहीतरी घे, स्वेटर झिजतोय. ती म्हणायची, झिजू दे, तू बोल." तिने स्वेटरचं कोपर वर धरलं. "हे भोक माझ्याशी बोलून पडलंय. आणि तुम्ही ते असं बुजवणार होतात की शोधूनही सापडलं नसतं."

आजीने पुन्हा त्या भोकाकडे पाहिलं. आपण केवढं काय करायला निघालो होतो!

"चुकलं माझं," ती म्हणाली. "साफ चुकलं. ते भोक तुझं आहे, मी त्याला हात लावणार नाही. पण एक सांगते, ते ऐकून घे, मग तू म्हणशील तसं." तिने स्वेटर ओढून घेतला नाही, सुनेच्या हातात होता तिथेच वाकून बोट दाखवलं. "हे सुटे टाके बघ. यांना कोणी धरलेलं नाही. नुसता पिशवीत ठेवलास तरी काढता-घालता एकेक सुटत जाईल. आज बोटभर गेलं. पुढे बाही जाईल."

"म्हणजे राहणारच नाही?" सुनेचा चेहरा एकदम बॉबिनएवढा झाला.

"राहील की. ही आजची रेघ आहे ना, तिच्यातला धागा कुठे गेलेला नाही. हे आडवे दिसतात तेच टाके आहेत. क्रोशाच्या सुईने एकेक उचलून वर आणायचे, परत होते तसे. नवीन लोकर लागत नाही. आणि भोकाच्या कडेचे सगळे टाके एका धाग्यात ओवून घ्यायचे, म्हणजे ते एकमेकांना धरून राहतील. भोक राहील, पण वाढणार नाही."

सुनेने भोकाची कड चिमटीत धरली. "ओवायला कुठला धागा?"

आजीने दोन्ही धागे टेबलावर ठेवले. "हा विणला तेव्हाचा रंग. हा आत्ताचा. इथे मात्र मी तोंड उघडणार नाही."

सुनेने दोन्ही धागे बोटांवर घेतले, कितीतरी वेळ पाहिले, आणि अचानक तिला हसू फुटलं. डोळे भरलेले आणि हसतेय. "मला तर दोन्ही नवीनच आहेत! फोनवर हा स्वेटर सरळ चॉकलेटी दिसायचा. मी आईशी त्यावरून वाद घालायचे. ती म्हणायची आमसुली आणि मी म्हणायचे चॉकलेटी."

"अगं बाई!" आजीने कपाळाला हात लावला. "म्हणजे तिसरा रंग! आता याचं मॅचिंग कुठल्या दुकानात करायचं गं?"

दाराआडून बॉबिन खुदकली आणि बाहेर आली.

सुनेने गडद धागा निवडला. का, ते तिने सांगितलं नाही आणि आजीने विचारलं नाही. आजीने बॅगेतून क्रोशाची सुई आणली, बाही उशीवर ताणून धरली आणि सेफ्टी पिन काढली. पहिला टाका उचलणार, तोच सून म्हणाली, "थांबा. मला जमेल?"

"जमेल की."

"मला विणकामातलं काहीसुद्धा येत नाही हं."

"म्हणून तर जमेल. आधीची काही सवय नाही ना."

आजीने सुई तिच्या हातात दिली. कसं ते एकदा दाखवलं: सुई खालून टाक्यात घालायची, वरच्या पायरीला पकडायचं, आणि ओढून आत घ्यायचं. सुनेने प्रयत्न केला. धागा निसटला. पुन्हा केला, पुन्हा निसटला. आजीचे हात शिवशिवत होते. हे तिने दोन मिनिटांत संपवलं असतं. तिने दोन्ही हातांनी बाही ताणून धरली आणि हात तिथेच ठेवले.

"आई, हे असं?" सुनेने मान वर न करता विचारलं.

"थोडं खालून," आजी म्हणाली.

एक पायरी टाक्यात शिरली आणि टाका झाली. बॉबिन टेबलावर कोपरं टेकवून अगदी जवळून बघत होती.

"आता पुढची," ती म्हणाली.